आधी कोणाकडे जाशील?

गेल्या वर्षी सात-आठ महिने आमच्या घरात दिवेलागणीनंतर एक आगळे पारायण चालत असे. ग्रंथ जाडजूड, कागद पातळ, अक्षर बारीक. चौरंगाचा मान त्याला नव्हता. जेवणाच्या मेजावर ताटे उचलली गेली की तो उघडला जाई. माझ्या थोरल्या बंधूंची कन्या परिचर्याशास्त्राची पदवीधर असून एका रुग्णालयात नोकरी करते. अमेरिकेत परिचारिकेचे काम करण्यासाठी जो परवाना लागतो, त्याच्या परीक्षेची ती तयारी करीत होती. कोर्टातून परतल्यावर तिला प्रश्न वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. वकिलाला प्रश्न विचारण्याची सवय असते, एवढीच माझी त्या कामाची पात्रता. उत्तरे तिला येत होती, आणि मला ती शेवटच्या पानांवर छापलेली सापडत होती.

आरंभी मला वाटले, ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे. आकड्यांना आणि नावांना अंत नव्हता. रक्तातील पोटॅशियम ३.५ ते ५ या मर्यादेत असावे. ते शिरेतून द्यावयाचे तर पातळ करून, सावकाश. एकदम कधीही देऊ नये, कारण हृदय थांबते. हेपारिनचा उतारा प्रोटामीन, वॉर्फरिनचा के जीवनसत्त्व. गर्भवतीला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, तर गुडघ्यावरील ठोक्याला पाय उडतो की नाही आणि मिनिटाला श्वास किती, हे पाहत राहावे. श्वास बारांच्या खाली गेले तर औषध थांबवावे, आणि उताऱ्याचे कॅल्शियम हाताशी असावे. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरली आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर पंधरा ग्रॅम साखर पोटात जाईल असे काही द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रक्त चढविताना पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलू नये. थंडी भरली, कंबर दुखू लागली, तर सर्वांत आधी रक्त बंद करावे, मग डॉक्टरांना हाक मारावी. मी विचारी आणि ती भाजी निवडता निवडता उत्तर देई. लहानपणी परवचा म्हणणाऱ्या या मुलीला पाठांतर जड जाणार नाही, याची मला खात्री होती.

परंतु पुस्तकाचा पूर्वार्ध संपला आणि प्रश्नांचे रूप पालटले. एक प्रश्न मी विसरू शकलेलो नाही. परिचारिकेकडे चार रुग्ण आहेत. एकाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झाले आहेत आणि तो वेदनाशामक गोळीसाठी हाका मारतो आहे. दुसरा मधुमेही, त्याची साखर १८० असून जेवण आलेले नाही. तिसऱ्याला घरी जावयाचे आहे आणि कागद तयार नाहीत म्हणून त्याचे नातेवाईक संतापले आहेत. चौथीची कंठग्रंथीची शस्त्रक्रिया सकाळीच झाली. ती काही मागत नाही, मात्र श्वास घेताना तिच्या घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. आधी कोणाकडे जाशील?

मी मनात पहिल्याकडे गेलो होतो. पुतणीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "चौथीकडे, काका. तिची श्वासनलिका आवळत चालली आहे. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो."

हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस कोर्टात बरोबर घेऊन फिरलो. आमच्याकडे दिवसाचा बोर्ड लागतो. तातडीचे प्रकरण आधी घ्यावे, असा नियम तिथेही आहे; परंतु ज्याचा वकील उभा राहून मोठ्याने बोलतो त्याची तातडी लवकर दिसते, आणि ज्या म्हातारीच्या वतीने कोणी बोलत नाही तिला पुढची तारीख मिळते. तारीख मिळाल्याने म्हातारी मरत नाही, हे आमचे समाधान. परिचारिकेला तारीख देता येत नाही. चार दारांपैकी एकच दार आधी उघडावे लागते आणि ते कोणते, हे काही श्वासांच्या अवधीत ठरवावे लागते. ही परीक्षा स्मरणाची नव्हे, क्रमाची आहे, हे मला तेव्हा कळले.

या परीक्षेला एनक्लेक्स म्हणतात. १९८२ साली ती या स्वरूपात सुरू झाली; १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते; कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी २०१५ पासून तीच स्वीकारली आहे. भारतातील मोठ्या शहरांतही ती देता येते. तिची रचना मी वकिलाच्या दृष्टीने वाचली आणि थक्क झालो. सर्व उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका नसते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकले की थोडा सोपा. त्यामुळे हुशाराचीही उत्तरे साधारणतः निम्म्याच्या आसपासच बरोबर येतात. टक्केवारीला तिथे काही अर्थ उरत नाही. उमेदवाराची पातळी सुरक्षित कामाच्या किमान रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी यंत्राला पंचाण्णव टक्के खात्री झाली की परीक्षा तिथेच थांबते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि वेळ पाच तासांचा. एकदा दिलेले उत्तर पुन्हा उघडता येत नाही. साक्षीदाराच्या जबानीसारखे ते कायमचे नोंदले जाते.

आमच्या शास्त्रात पुराव्याच्या दोन पायऱ्या आहेत. दिवाणी दाव्यात पारडे ज्या बाजूला झुकेल तिकडे निकाल. फौजदारीत वाजवी संशय उरता कामा नये. परिचारिकेचा परवाना हा दिवाणी मामला. तरीही यंत्र पारडे किंचित झुकले म्हणून थांबत नाही. संशय जवळजवळ फिटेपर्यंत ते प्रश्न विचारीत राहते. इतकी कसोशी का, असा प्रश्न मनात आला. उत्तर सोपे आहे. आजारी माणूस परिचारिकेची निवड करीत नाही. तो शुद्धीवर असेलच असे नाही. वकील माणूस चार जणांना विचारून ठरवितो. पण रात्री दोन वाजता आपल्या उशाशी कोण उभे आहे, हे रुग्णाला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने, त्याच्या जन्मापूर्वीसुद्धा, समाजाने ही उलटतपासणी करून ठेवावयाची. परवाना म्हणजे अनोळखी माणसाला आगाऊ दिलेले वचन.

२०२३ च्या एप्रिलपासून या परीक्षेत आणखी एक भर पडली. एका रुग्णाची सबंध हकीकत समोर ठेवतात आणि तिच्यावर सहा प्रश्न विचारतात. खुणा ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा क्रम ठरविणे, उपाय योजणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे, अशा सहा पायऱ्या. पहिली पायरी सर्वांत अवघड, असे पुतणी म्हणे. हकीकतीत वीस गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्यांतील तीनच महत्त्वाच्या असतात. कोणत्या तीन, हे पुस्तक ओरडून सांगत नाही.

ही पायरी म्हणजे काय, ते आम्हाला घरातच पाहावयास मिळाले. माझ्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या. हृदयासाठी त्यांना डिगॉक्सिनची गोळी आणि पायांवरील सूज उतरण्यासाठी लघवीची गोळी चालू होती. श्रावणात त्यांचे पोट बिघडले. चार दिवस जुलाब झाले आणि अन्नावरची वासना उडाली. वयाच्या मानाने तसे व्हायचेच, असे आम्ही सारे म्हणालो. एका संध्याकाळी देवघरात बसल्या असता त्या म्हणाल्या, "आयज समयेभोंवतणीं हळदुवें कडें दिसता गो." माझ्या पत्नीला वाटले, मोतीबिंदू वाढला. शेजारच्या काकींनी तर हात जोडले. देवीने प्रकाश दाखविला, असे त्यांचे मत पडले.

पुतणी रात्रपाळीला निघाली होती. तिने चपला काढल्या, हात धुतले आणि आजीजवळ येऊन बसली. मनगटाची नाडी पाहून तिचे समाधान झाले नाही. कानाला नळी लावून तिने छातीवरचे ठोके घड्याळ समोर धरून सबंध एक मिनिट मोजले. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवलत या औषधाला नाही. ठोके अठ्ठेचाळीस भरले. साठांच्या खाली असतील तर गोळी द्यावयाची नाही, ही ओळ मीच तिला आठवड्यापूर्वी वाचून दाखविली होती. पोटॅशियम उतरले की हे औषध अंगात विषासारखे वागू लागते आणि दिव्याभोवती पिवळी वलये दिसतात, हेही त्याच पानावर होते. मी ते वाचले होते आणि तिनेही वाचले होते. समईभोवतीच्या कड्याची, न जेवण्याची आणि जुलाबांची गाठ मात्र तिनेच बांधली. तिने ती गोळी थांबविली आणि डॉक्टरांना दूरध्वनी केला. कोणते औषध, किती दिवस, ठोके किती, जुलाब केव्हापासून, डोळ्यांना काय दिसते, हे पाच वाक्यांत सांगितले. त्या रात्री मातोश्रींना रुग्णालयात नेले. पोटॅशियम फारच खाली आले होते. पाच दिवसांनी त्या घरी परतल्या, आणि समईची ज्योत पुन्हा नुसती ज्योत झाली.

आपल्या परंपरेला हे काम अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाच्या जवळ उभा राहणारा, परिचारक. त्याचे चार गुणही दिले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. चार पायांपैकी एक जरी लंगडा असला तरी चौरंग डळमळतो, हे सांगावयास वैद्यक शिकलेला माणूस लागत नाही. असे असूनही आपल्या समाजाने वैद्याला पाटावर बसविले, औषधाला देव मानले, आणि उपस्थात्याला मात्र मागील दारी उभे केले.

या चार गुणांची परीक्षा घेता येते का, यावर विलायतेत मोठा वाद झाला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनला परिचारिकांची शाळा काढली. पण परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, या मागणीला त्यांनी विरोध केला. शील, ममता आणि निष्ठा यांना परीक्षेची मोजपट्टी लावता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. उलट बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक होत्या. ज्याला वाटेल त्याने परिचारिका म्हणून मिरवावे ही स्थिती रुग्णाला घातक आहे, म्हणून शिक्षण, परीक्षा आणि नोंदवही हवी, असे त्या म्हणत. न्यूझीलंडने १९०१ साली असा कायदा प्रथम केला. इंग्लंडमध्ये तो १९१९ साली झाला आणि तिथल्या नोंदवहीत पहिले नाव फेनविक यांचे लागले. आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने परिचर्या परिषद स्थापन झाली. त्याच्या जागी २०२३ साली संसदेने नवा कायदा संमत केला. आम्हा वकिलांना तर परीक्षा फार उशिरा लागली. मी सनद घेतली तेव्हा ती नव्हती. २०११ साली ती सुरू झाली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तिच्यावर वैधतेची मोहोर उमटविली.

या वादात निकाल द्यावयाचा झाला तर मी दोन्ही पक्षांना अंशतः यश देईन. चरकांच्या चार गुणांपैकी पहिला परीक्षेने कळतो, आणि दुसराही बऱ्याच अंशी कळतो. अनुराग कळत नाही. चपला काढून परत आत येण्याची बुद्धी कोणत्या प्रश्नाने जोखावी? परंतु अनुराग आहे आणि ज्ञान नाही, अशा हातांनी आमच्या मातोश्रींना त्या रात्री नेमाने गोळी दिली असती. प्रेमाने दिलेली गोळी प्रेमाने उतरत नाही. म्हणून कायद्याने खालची मर्यादा सांभाळावी, वरची ज्याच्या त्याच्या संस्कारांवर सोडावी, हेच योग्य.

चौथा गुण शौच. आणि इथे मला आपल्याच मंडळींशी थोडे बोलावयाचे आहे. तयारीच्या काळात तिच्यासाठी एक स्थळ आले होते. मुलगी पसंत असल्याचा निरोप आला, पाठोपाठ अटही आली: रुग्णालयातील नोकरी सोडावी; रात्रपाळी, परक्यांच्या अंगाला हात, मलमूत्र; कुळाचाराला बसणाऱ्या सुनेला हे शोभत नाही. त्याच घरी वडीलधाऱ्यांच्या जखमेवर पट्टी बांधावयास रोज एक परिचारिका येत असे आणि तिला चहा वेगळ्या कपातून मिळत असे. निरोप ऐकून पुतणी एवढेच म्हणाली, "काका, नाही म्हणून कळवा. परीक्षेची तारीख जवळ आली आहे."

मी मात्र त्या निरोपावर पुष्कळ विचार केला. तिच्या पुस्तकात स्पर्शाचे आणि स्वच्छतेचे जे प्रकरण आहे, ते आपल्या सोवळ्यापेक्षा कडक आहे. संसर्ग स्पर्शाने पसरतो, थेंबांनी पसरतो की हवेतून, यावर रुग्णाची खोली, मुखपट्टी आणि झगा ठरतो. काम संपल्यावर आधी हातमोजे, मग चष्मा, मग झगा आणि शेवटी मुखपट्टी उतरवावयाची. हा क्रम चुकला तर आधीची सारी काळजी वाया. एका प्रकारच्या जुलाबाचे जंतू अल्कोहोल चोळून मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. हे वाचून दाखविताना मला माझ्या आजीचे सोवळे आठवे. त्यात शिस्त होती, कष्ट होते. परंतु ते आजीला इतरांपासून जपत असे. पुतणीचे शौच रुग्णाला तिच्यापासूनही जपते. ती रुग्णाजवळ जाण्यापूर्वी हात धुते आणि रुग्णापासून दूर झाल्यावरही धुते. यांतील पहिले धुणे आपल्या सोवळ्याला सुचले नाही. चरकांनी शौच हा उपस्थात्याचा गुण मानला. आपण त्या कामालाच विटाळ मानले. शास्त्र कोणाकडे राहिले आणि रूढी कोणाकडे, हे वाचकांनी ठरवावे.

आपल्यातील काहींनी हे फार पूर्वी ठरविले होते. १९०९ साली पुण्याला सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांनी हिंदू घरांतील स्त्रिया, त्यांत कित्येक विधवा, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घ्यावयास पाठविल्या. त्या काळी त्या स्त्रियांनी काय काय ऐकून घेतले असेल, याची कल्पना मला त्या स्थळाच्या निरोपावरून आली. शंभरांहून अधिक वर्षे लोटली. निरोपाची भाषा मात्र पुष्कळशी तीच आहे.

पुतणीने परीक्षा दिली. पंचाऐंशीव्या प्रश्नाला पडदा कोरा झाला. एवढ्या लवकर थांबणे म्हणजे उत्तम यश किंवा पुरते अपयश, दोहोंपैकी काहीही असू शकते. ती बाहेर आली तेव्हा तिला स्वतःला ठाऊक नव्हते. काही दिवसांनी उत्तीर्ण झाल्याचे कळले. घरात पेढे वाटले. मातोश्रींनी मात्र पेढा हातात धरून विचारले, "मग ही गेल्यावर माझे ठोके कोण मोजणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशी युक्तिवाद नाही. आपल्या गावागावांतून आज घरे बंद आहेत किंवा त्यांत दोन म्हातारी माणसे आहेत. मुले परदेशी असतात, पैसे येतात, जत्रेला माणसे येतात आणि जातात. अशा वेळी शिकलेला हातही बाहेर गेला तर मागे राहणाऱ्यांचे काय? पण तिला अडविण्याचा अधिकार मला कोणत्या न्यायाने मिळतो? इथे ती सहा-सात जणींचे काम एकटी करते, आणि स्थळ आले की तिचे काम लपविण्याची गोष्ट ठरते. ज्या समाजाने तिच्या हाताला मान दिला नाही, त्याला तो हात दूर गेल्याची तक्रार करता येणार नाही. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे, तर आपला दावा आपल्याच वर्तनाने बाधित झाला आहे.

व्हिसाची रांग मोठी आहे; ती लागलीच जाईल असे नाही. सकाळी ड्यूटीवर जाण्यापूर्वी ती अजून आजीजवळ बसते, घड्याळ समोर धरते आणि सबंध मिनिट मोजते. आता माझ्या पत्नीनेही तिच्याकडून ते शिकून घेतले आहे.

आपली देवस्थाने सभामंडपासाठी, कमानीसाठी, पालखीसाठी वर्गणी काढतात आणि ती जमते. गेल्या महाजनांच्या सभेत मी एक ठराव मांडला: समाजातील एका मुलीचा किंवा मुलाचा परिचर्या अभ्यासक्रमाचा खर्च दरवर्षी निधीच्या व्याजातून द्यावा, आणि त्याने किंवा तिने शिक्षणानंतर दोन वर्षे तालुक्यातील वृद्धांच्या घरी आठवड्यातून एक दिवस जावे. चर्चा झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, आधी कमान पुरी करू, मग हे पाहू, असे केले तर काय बिघडेल? मी त्यांना त्या चार रुग्णांची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. ठराव पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाने घेतला आहे.